मदत हवी आहे: रिटूलमधली एकच क्वेरी चार ॲपमध्ये, सांभाळायची कशी?

नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपचं ऑफिसचं काम मी रिटूलवर (ऑफिसची अंतर्गत ॲप्स बांधायचं साधन) बांधतोय, मागे पोस्टग्रेस डेटाबेस आहे. स्टोअर, डिस्पॅच, बिलिंग, वसुली अशी चार ॲप्स, आणि पार्टीची येणेबाकी सगळ्यांनाच लागते. ती काढणारी एकच क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, चारही ठिकाणी चिकटवलेली होती. आता मालक म्हणतात, डेबिट नोटही धरा. चारांतलं एक राहिलं की बिलिंग आणि वसुलीच्या आकड्यांचं भांडण ठरलेलं.

म्हणून ती क्वेरी रिटूलच्या क्वेरी लायब्ररीत टाकली, म्हणजे एकदाच लिहायची आणि सगळ्या ॲप्सनी तीच वापरायची. पार्टी आणि तारीख इनपुट म्हणून बाहेरून येतात. इथवर झकास. गोची पुढे आहे. ॲपमध्ये ठरावीक व्हर्जन धरायचं की कायम लेटेस्ट? लेटेस्ट ठेवलं आणि मी एखाद्या कॉलमचं नाव बदलून पब्लिश केलं, तर निपाणीच्या गोदामातल्या माणसाच्या स्क्रीनवर तो कॉलम रिकामा. व्हर्जन धरलं तर पुन्हा प्रत्येक ॲप उघडत बसा.

दुसरं, ड्रॉपडाउनमध्ये काहीच निवडलं नाही तर सगळ्या पार्ट्या दिसाव्यात. 'इनपुट नल (म्हणजे रिकामं) असेल किंवा पार्टी जुळत असेल' अशी अट घातली, तर पोस्टग्रेस पॅरामीटरचा टाइप कळेना म्हणून अडतं. कास्ट केलं, म्हणजे टाइप स्वतः लिहून दिला, की चालतं, पण प्रत्येक इनपुटला हेच करायचं का? की दोन वेगळ्या क्वेरी बऱ्या? मला एकच बरी वाटते.

याहून मोठा पसारा कोणी सांभाळत असेल तर क्वेरींना नावं कशी देता, तेही सांगा. स्क्रीनशॉट टाकलात तरी चालेल.