'सीमाभाग', 'मनुष्यबळ', 'शैक्षणिक पातळी': तिन्ही शब्द अडलेत

मूळ प्रश्न

लक्झेंबर्ग आणि त्याच्या भोवतालच्या मुलखावरचा एक अहवाल मराठीत करतेय. फ्रेंचमध्ये या मुलखाला 'ग्रांद रेजिओं' म्हणतात, जर्मनमध्ये 'ग्रोसरेगिओन'. त्यात लक्झेंबर्ग, फ्रान्सचा लोरेन, बेल्जियमचा वालोनी आणि जर्मनीतली झारलान्ट व ऱ्हाइनलान्ट-फाल्झ ही राज्यं येतात. चार देश, वस्ती एक कोटीच्या वर. एका प्रकरणाचं शीर्षक मी केलं: 'सीमापार प्रदेशातील मनुष्यबळ व शैक्षणिक पातळी'. आता ते माझं मलाच टोचतंय. 'सीमापार' वाचलं की पुढे 'दहशतवाद' आपोआप येतो. 'सीमाभाग' लिहावं तर वाचक थेट बेळगाव-निपाणीला जाऊन उतरणार. उरलेल्या दोन शब्दांबद्दलही खात्री नाही. शिवाय 'फ्रॉन्तालिए' म्हणजे एका देशात राहून दुसऱ्या देशात नोकरी करणारा, त्याला काय म्हणू?

प्रतिसाद १

'सीमापार' बादच करा. पार म्हणजे पलीकडे. इथे अलीकडचं आणि पलीकडचं दोन्ही धरून एक प्रदेश आहे, तेव्हा तो कोणाच्याच 'पार' नाही. 'सीमेच्या दोन्ही अंगांचा प्रदेश' असं एकदा लिहा आणि पुढे नुसतं 'हा प्रदेश'. दर वाक्यात संज्ञा वापरायलाच हवी असा काही कायदा नाही.

प्रतिसाद २

फ्रॉन्तालिएसाठी 'स्थलांतरित' मात्र कृपा करून लिहू नका. बातम्यांमध्ये हा घोटाळा सर्रास दिसतो. स्थलांतरित माणूस बिऱ्हाड हलवतो. हा हलवत नाही, आणि तीच तर त्याची ओळख आहे. युरोपीय संघाच्या २००४ च्या ८८३ क्रमांकाच्या नियमावलीत व्याख्याच अशी आहे की काम एका सदस्य देशात, राहणं दुसऱ्या, आणि घरी परतणं साधारणपणे रोज, निदान आठवड्यातून एकदा. म्हणजे व्याख्येत भर जाण्यावर नाही, घरी परतण्यावर आहे. त्यामुळे 'चाकरमानी'ही बसत नाही. चाकरमानी सणाला परततो, हा संध्याकाळी जेवायला.

त्या मुलखातले शब्द बघा, गंमत आहे. जर्मनमध्ये 'ग्रेन्झगेंगर', म्हणजे सीमेवरून जाणारा. नुसत्या येजा करणाऱ्याला 'पेन्डलर', त्यात घड्याळाचा लंबक आहे. बेल्जियमच्या फ्रेंचमध्ये येजा करणारा 'नावेतर', आणि 'नावेत' म्हणजे विणकराचा धोटा! मागावर इकडून तिकडे, तिकडून इकडे. फ्रान्सचं थिऑनव्हिल, बेल्जियमचं आर्लों, जर्मनीचं ट्रिअर या गावांतून सकाळी लक्झेंबर्गकडे निघणाऱ्या गाड्यांचं याहून नेमकं चित्र मला सुचत नाही.

आपल्याकडे 'अपडाऊन' आहे की. 'तो कुठे राहतो?' 'राहतो इथंच, अपडाऊन करतो.' हे वाक्य सगळ्यांना कळतं. अहवालाला ते फार सैल वाटत असेल तर 'सीमा ओलांडून येजा करणारे नोकरदार' लिहा. लांब आहे, पण चुकीचं नाही.

प्रतिसाद ३

अपडाऊनला माझं मत. पण अवघड शब्द 'मनुष्यबळ' आहे, आणि त्यातही त्याच्या आधी येणारा प्रत्यय.

आधी शब्द. 'मनुष्यबळ' हा मालकाच्या बाजूने पाहणारा शब्द आहे: आमच्याकडे मनुष्यबळ कमी आहे, मनुष्यबळ पुरवा. आकडेवारीतल्या अर्थासाठी अर्थशास्त्राच्या मराठी पुस्तकांत 'श्रमशक्ती' किंवा 'श्रमबल' येतं, आणि त्यात बेरोजगारही धरलेले असतात, म्हणजे काम नाही पण शोधताहेत आणि मिळालं तर करतील असे सगळे. बेरोजगाराला 'मनुष्यबळ' म्हटलेलं कोणी ऐकलंय? उलट, पाहणीच्या आठवड्यात एक तास जरी मोबदल्यासाठी काम केलं तरी माणूस 'कामावर' मोजला जातो. तुमच्या तक्त्यात बेरोजगार असतील तर 'श्रमशक्ती', नसतील तर सरळ 'कामावर असलेले'.

आता प्रत्यय. 'लक्झेंबर्गची श्रमशक्ती' आणि 'लक्झेंबर्गमधले कामावर असलेले' या दोन वेगळ्या गर्दी आहेत. युरोपातली श्रमशक्ती पाहणी घरोघर होते. माणूस जिथे राहतो तिथे मोजला जातो. म्हणून थिऑनव्हिलला राहून लक्झेंबर्गच्या बँकेत काम करणारी बाई पाहणीत फ्रान्सची. लक्झेंबर्गमध्ये कामावर असलेली माणसं पाच लाखांच्या वर आहेत, त्यांतली दोन लाखांहून जास्त रोज बाहेरून येतात. या येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक फ्रान्समधून, उरलेले बेल्जियम आणि जर्मनीतून, जवळजवळ सारखे. त्यामुळे 'ची' लिहिलं की दोन लाख माणसं गायब आणि 'मधले' लिहिलं की हजर. इंग्रजीत 'लक्झेंबर्ग वर्कफोर्स' अशा जोडशब्दाआड हे लपून जातं. आपल्याला प्रत्यय निवडावाच लागतो, म्हणून लपवता येत नाही.

जाता जाता: 'दरडोई उत्पादन' या शब्दाची इथे फजिती होते. उत्पादनात बाहेरून आलेले हात धरले जातात आणि भागायला डोई मात्र घरी झोपणाऱ्यांचीच. लक्झेंबर्गचा दरडोई आकडा इतका उंच का, याचं एक कारण हेच.

प्रतिसाद ४

'शैक्षणिक पातळी' चूक नाही, पण कानाला वेगळंच सांगते. 'त्या भागात शिक्षणाची पातळी खालावलेली आहे' याचा मराठी कानाला अर्थ लागतो की शाळा वाईट आहेत. 'स्तर' आणि 'दर्जा' यांचंही तेच. अहवालाला म्हणायचंय की लोक कुठवर शिकलेत. आपण तो प्रश्न रोज विचारतो: 'शिक्षण किती झालंय?' मग 'पूर्ण झालेलं शिक्षण' का नको?

पातळी हा शब्द जिथे खरोखर पायरी या अर्थाने आहे तिथे राहू द्या. युनेस्कोच्या २०११ च्या वर्गीकरणात शून्य ते आठ अशा पातळ्या आहेत. ० ते २ खालचा गट, ३ आणि ४ मधला, ५ ते ८ वरचा. यांना 'अल्पशिक्षित', 'मध्यमशिक्षित', 'उच्चशिक्षित' म्हणायचा मोह होतो, पण 'अल्पशिक्षित' ही मराठीत जवळजवळ टीका आहे.

आणि या प्रदेशात तर गट फसवतातच. जर्मनीत तीन वर्षांचं प्रशिक्षण घेतलेली परिचारिका चौथ्या पातळीवर, म्हणजे मधल्या गटात. फ्रान्समध्येही प्रशिक्षण तीनच वर्षांचं, पण २००९ च्या सुधारणेपासून तिथली पदविका पदवीच्या तोडीची मानली जाते. म्हणून ती सहाव्या पातळीवर, वरच्या गटात. ट्रिअरची एक आणि फ्रान्समधल्या मेट्झची एक अशा दोघी लक्झेंबर्गच्या एकाच वॉर्डात रात्रपाळी करताहेत, एकच सलाईन लावताहेत, आणि तक्त्यात एक 'मध्यमशिक्षित', दुसरी 'उच्चशिक्षित'. जर्मनीत पदवीधरांचं प्रमाण कमी दिसतं त्यामागे तिथली कारखाना-आणि-शाळा अशी जोडशिक्षणाची पद्धत आहे. बरं, त्याच पद्धतीत शिकलेला जर्मन कारागीर पुढे 'माइस्टर'ची, म्हणजे उस्ताद कारागिराची, परीक्षा उतरला की सहाव्या पातळीवर, विद्यापीठाच्या पदवीधराच्या शेजारी.

प्रतिसाद ५

मग सरळ दहावीपर्यंत, बारावीपर्यंत आणि पदवी असं लिहिलं तर? वाचकाला पटकन कळेल.

प्रतिसाद ४ चे लेखक

पटकन कळेल, पण चुकीचं कळेल. त्या जर्मन परिचारिकेला 'बारावीपर्यंत' म्हणणार का? आपल्याकडचं आयटीआय थोडं जवळ जाईल, पण तेही पूर्ण नाही. पातळीचा आकडा द्या आणि पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत उलगडून सांगा.

मूळ प्रश्न विचारणारी

सगळ्यांचे आभार. 'ची' आणि 'मधले' वाचून मूळ तक्ते पुन्हा उघडले. एका तक्त्यात राहत्या जागेनुसार आकडे आहेत, दुसऱ्यात कामाच्या जागेनुसार, आणि मी दोन्हींवर 'लक्झेंबर्गचे मनुष्यबळ' असंच लिहून ठेवलं होतं. नवीन मथळे असे केलेत: 'लक्झेंबर्गला राहणारे: पूर्ण झालेले शिक्षण' आणि 'लक्झेंबर्गला कामाला येणारे: कुठून येतात'. प्रकरणाचं नाव 'राहायला एका देशात, कामाला दुसऱ्या'. 'अपडाऊन' मजकुरात दोनदा वापरलाय, अवतरणचिन्हं न घालता. संपादक काय म्हणतात ते कळवते.

प्रतिसाद २ चे लेखक

अवतरणचिन्हं घातली तर काढायला लावा.

प्रतिसाद ३ चे लेखक

दुसऱ्या मथळ्यात एक खोच राहिली. लक्झेंबर्गमध्येच राहणारेही 'कामाला येतात'च की. 'बाहेरून कामाला येणारे' करा.