‘वाळीत टाकणे’ : कोणाला म्हणावे, कशाला म्हणावे?

प्रश्न (चिपळूण) :
मुंबईत नोकरी करणारी माझी भाची परवा फोनवर म्हणाली, ‘‘मामा, ऑफिसात मला वाळीत टाकलंय.’’ खोदून विचारलं तेव्हा कळलं, की चहाला जाताना बाकीच्या चौघी हिला हाक मारत नाहीत आणि त्यांनी वेगळा व्हॉट्सॅप ग्रुप काढलाय. तिला वाईट वाटलं यात शंका नाही, पण शब्द मला खटकला. आमच्या लहानपणी हा शब्द घरात आवाज खाली आणून बोलायचे. एवढ्याशा गोष्टीला तो चालतो का? आणि ‘वाळीत’ म्हणजे नेमकं कशात? ‘वाळी’ नावाची काही जागा असते का?

रत्नागिरी :
जागा वगैरे नाही. ‘विहिरीत’, ‘पेटीत’ यांच्यासारखं ऐकू येतं म्हणून फसायला होतं. जुन्या मराठीत ‘वाळणे’ हे सकर्मक क्रियापद होतं : एखाद्याला टाकणे, समाजाबाहेर काढणे. ‘वाळीत’ त्याच्यातूनच आलं. तुकोबांच्या विरहिणीत ‘वाळो जन मज म्हणोत शिंदळी’ असं आहे. लोकांनी मला खुशाल टाकावं, शिंदळ म्हणावं, मी काही त्या वनमाळीला सोडत नाही, असा भाव. पुढे ते क्रियापद एकट्याने वापरणं बंद पडलं आणि ‘वाळीत’ला ‘टाकणे’चा टेकू लागला. कपडे वाळतात ते अकर्मक ‘वाळणे’ निराळं. ‘वाडीतून टाकलं ते वाळीत’ अशी व्युत्पत्ती सांगणारेही भेटतात. ऐकायला बरी आहे, इतकंच.

मला जास्त गंमत वाटते ती कर्त्याची. ‘त्याला वाळीत टाकलं.’ कोणी? विचारलं तर ‘गावाने’. मग दहा घरं फिरून बघा. प्रत्येक घर सांगेल, आमचं त्यांच्याशी काही नाही हो, पण गावाचं ठरलंय ना. दहाही घरं खरं बोलत असतात. प्रत्येकाला उरलेल्या नऊ घरांची भीती असते, आणि त्या भीतीलाच मग गाव म्हणायचं.

दापोली :
चिपळूणकर, तुमच्या कानाला खटकलं ते बरोबर आहे. वाळीत टाकायला ठराव लागतो. देवळात नाहीतर सहाणेवर (पालखी टेकवतात त्या चौथऱ्यावर) गावकीची बैठक बसते, कारण सांगितलं जातं (जमिनीचा वाद, आंतरजातीय लग्न, वर्गणी न देणं, गावकीला न जुमानता कोर्टात जाणं), दंड सांगितला जातो. आणि बहुतेक वेळा परतीची वाटही सांगितलेली असते : दंड भरा, नारळ ठेवा, चुकलो म्हणा. त्याला आमच्याकडे ‘गावात घेणं’ म्हणतात. माणूस जन्मापासून त्याच गावात राहत असतो, तरी त्याला ‘गावात घेतात’. शब्दाची मेख इथे आहे.

बरं, वाळीत टाकल्यावर कोणी काही करत नाही. मारहाण नाही, शिवीगाळ नाही, जे असेल ते न करण्यातलं. लग्नाची अक्षत येत नाही, मयताला खांदा द्यायला माणूस मिळत नाही, लावणीला हात मिळत नाहीत. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. एका घराच्या पायरीशी ती न थांबता पुढे गेली, की सगळ्या वाडीला कळतं. तोंडाने कोणाला बोलावं लागत नाही. मुंबईला पळून सुटका होईल म्हणावं तर तिथे गावाचं मुंबई मंडळ आहेच. तिथली वर्गणीही घेत नाहीत. वर्गणी मागायला आले की आपण कुरकुरतो, पण ती न मागणं काय असतं ते अशा घरात विचारावं.

अलिबाग :
आमच्या रायगड जिल्ह्यातली अशी प्रकरणं फार गाजली, आणि कायदा यायला तीही एक कारण झाली. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा अधिनियम 2016 चा, लागू झाला जुलै 2017 मध्ये. 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याआधी मुंबई राज्यात 1949 चा एक कायदा होता, तो 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंच्या खटल्यात रद्द ठरवला. मध्ये अर्धशतकाहून जास्त काळ या प्रकारासाठी वेगळा कायदा नव्हता. कायद्याच्या नावात शब्द ‘बहिष्कार’ आहे, ‘वाळीत’ नाही. पण तक्रार करायला येणारा माणूस ‘साहेब, आमाला वाळीत टाकलंय’ असंच म्हणतो.

महाड :
‘बहिष्कार’ आणि ‘वाळीत’ एका ओळीत बसवू नका. वाळीत टाकतात ते मुळात आत असलेल्याला. जो कधी आत घेतलाच नव्हता त्याला वाळीत कसं टाकणार? डॉ. आंबेडकरांनी 1924 मध्ये सभा काढली तिचं नाव ‘बहिष्कृत हितकारिणी’, 1927 मध्ये पत्र काढलं ते ‘बहिष्कृत भारत’. ‘वाळीत’ हा घरगुती शब्द हाताशी असून घेतला नाही. का, ते मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण ‘वाळीत’मध्ये दंड भरून परत पंक्तीला बसण्याची सोय गृहीत असते. 20 मार्च 1927 ला चवदार तळ्यावर जे ओंजळ घेऊन उभे होते, त्यांच्यासाठी ही सोय कोणी ठेवली होती?

पनवेल (समुपदेशक) :
सगळं मान्य, पण त्या मुलीचं काय? किपलिंग विल्यम्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाला बागेत दोन अनोळखी माणसांनी थोडा वेळ आपल्या फ्रिस्बीच्या खेळात घेतलं आणि मग त्याच्याकडे फेकणंच थांबवलं. ते त्याला इतकं लागलं, की त्यावरून त्याने संगणकावर चेंडू फेकण्याचा प्रयोग बसवला. समोरचे खेळाडू संगणकच चालवतोय असं आधी सांगितलं, तरी चेंडू न मिळालेल्यांना वाईट वाटलं. 2003 मधल्या एका प्रयोगात तर असं वगळलं गेल्यावर मेंदूचा जो भाग जागा झाला, तो शारीरिक वेदनेशीही संबंधित असलेला. अनोळखी लोकांनी पडद्यावर वगळलं तर ही गत. रोज शेजारी बसणाऱ्या चौघींनी वगळलं तर तिने कोणता शब्द वापरायचा होता?

दापोली :
दुखणं सारखं म्हणून शब्द सारखा होत नाही, मॅडम. मराठीत त्याला शब्द आहेत की. धरून घेत नाहीत, लांब ठेवतात, खड्यासारखं बाजूला काढलं. तो वेगळा ग्रुप म्हणजे सरळ खड्यासारखं बाजूला काढणं.

पनवेल :
पण ‘खड्यासारखं’ म्हटलं की दोष खड्यात असतो. तिला तेच म्हणायचं नसेल.

रत्नागिरी :
हा मुद्दा चांगला आहे. ‘वाळीत’मध्ये दोष कोणाचा ते उघडं राहतं, म्हणून तो शब्द तिने पुढे ओढला असेल. तरी मला दापोलीकरांचं पटतं, कारण निराळं आहे. गावकीच्या बैठकीत निदान कारण तरी सांगत. खोटं असेल, अन्यायाचं असेल, पण समोर असे. त्याच्याशी भांडता येई, आता तर पोलिसांतही जाता येतं. ऑफिसातल्या चौघींनी काही ठरवलंय का, हेच त्या मुलीला माहीत नाही. कदाचित ठरवलंही नसेल. एकीने ग्रुप काढला, बाकीच्या आल्या. तिने माफी मागायची कोणाकडे, दंड भरायचा कुठे? ‘वाळीत’ म्हटल्याने उलट तिच्या अवस्थेतली ही खास अडचण झाकली जाते.

मालवण :
आमच्याकडे अशा माणसाबद्दल एवढाच म्हणतत, ‘तेका कोण इचारीत नाय.’ ठराव नको, काय नको.

चिपळूण :
मालवणकरांचं भाचीला कळवलं. ती म्हणाली, ‘‘मामा, हे तर वाळीतपेक्षा वाईट आहे.’’ त्या चौघींपैकी एकीला तिने सरळ विचारायचं ठरवलंय. आता ‘खड्यासारखं’ हे तांदळातल्या खड्यावरूनच ना, की आणखी कुठून, तेही कोणी सांगा.