बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 24.1, अ‍ॅप म्हणतं नॉर्मल आणि रिपोर्टवर ओव्हरवेट, कोणाचं खरं?

कांदिवलीची_मयुरी
ऑफिसचं हेल्थ चेकअप झालं, रिपोर्टवर लाल अक्षरात ओव्हरवेट आलंय. वय 38, उंची 163 सेंमी, वजन 64 किलो. फोनच्या अ‍ॅपमध्ये हेच आकडे टाकले तर 24.1 आणि हिरवा रंग, नॉर्मल. मी जाड दिसत नाही हो, हातपाय बारीकच आहेत, फक्त दुसऱ्या बाळंतपणानंतर पोट सुटलंय ते गेलंच नाही. चर्चगेटपर्यंत लोकल आणि मग दिवसभर खुर्ची. आईला आणि मामाला डायबेटिस आहे म्हणून जास्त टेन्शन आलंय, प्लीज सांगा कोणाचं धरू?

दादरकर_काका
मयुरीताई, आकडा दोघांचा सारखाच आहे, रेघ वेगळी मारलीय. अ‍ॅपवाले जागतिक आरोग्य संघटनेचा तक्ता वापरतात, त्यात 18.5 ते 24.9 नॉर्मल. पण 2009 मध्ये आपल्याकडच्या डॉक्टरांनी भारतीयांसाठी ठरवलं की 23 पासून ओव्हरवेट आणि 25 पासून लठ्ठपणा, कारण तेवढ्याच बीएमआयला आपल्या अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात, शिवाय ती चरबी पोटातच साठते. पुण्याच्या केईएमचे (परळचं नव्हे) डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा 2004 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात शेजारी शेजारी फोटो आला होता, दोघांचा बीएमआय 22.3, पण चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. तेव्हा हातपाय बारीक आहेत म्हणून निश्चिंत राहू नका. रिपोर्टचं धरा.

लोखंड_उचल्या
बीएमआयला एवढं महत्त्व देऊच नका, उंची 175 आणि वजन 80 म्हणजे माझा 26 येतो, त्या हिशोबाने मी लठ्ठ!! त्याला स्नायू आणि चरबी यातला फरकच कळत नाही. हे सूत्र 1830 च्या दशकात केटले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाने काढलं, तो डॉक्टर नव्हता आणि त्याला लोकसंख्येचा अभ्यास करायचा होता, एकेका माणसाची तब्येत नाही.

डाएटिशियन_ठाणे
दादा, तुमचं तुमच्यापुरतं बरोबर, पण दिवसभर बसून काम करणाऱ्याचा 24 स्नायूंमुळे येत नाही. मयुरी, तू आधी कंबर मोज. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप, श्वास सोडून, पोट आत न ओढता, टेप आवळायची नाही. आपल्याकडे बायकांना 80 सेंमी आणि पुरुषांना 90 ही मर्यादा धरतात, जीन्सचा साइज सांगू नकोस त्याचा काही उपयोग नाही. घरात डायबेटिस आहे तर एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ताची टेस्ट) करून घेच, 5.7 च्या खाली नॉर्मल, 5.7 ते 6.4 म्हणजे प्रीडायबेटिस, 6.5 पासून डायबेटिस. आणि क्रॅश डाएट अजिबात नको. तीन-साडेतीन किलो हळूहळू उतरले तरी तुझ्या उंचीला 23 च्या आसपास येशील. पोहे, उपमा, साबुदाणा यावर दिवस काढणाऱ्या बायका रोज बघते मी, जेवणात डाळ-उसळ, अंडी, मासे काहीतरी हवंच, नाहीतर आधी स्नायूच जातात.

कांदिवलीची_मयुरी
थँक्यू सगळ्यांना! कंबर 86 आली. शनिवारी सकाळी रक्त द्यायला जातेय, आणि नवऱ्याचीही कंबर मोजली, 97 आहे, त्यालाही सोबत नेतेय.