दोन वर्षं सिटी कॉलेज, मग युनिव्हर्सिटी: आपल्या मुलांना यात कमीपणा का वाटावा?

ओशन_अव्हेन्यू

बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्को आणि आसपासच्या) आपल्या मराठी घरांशी मला वाद घालायचा आहे, म्हणून हा धागा. माझी मुलगी सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्या वर्षाला आहे. हे सांगितलं की समोरचा क्षणभर गप्प होतो, मग "असू दे, पुढे होईल काहीतरी" म्हणतो. जणू घरात कुणी आजारी आहे.

माझं म्हणणं असं. ज्या मुलाला हवी ती युनिव्हर्सिटी बारावीनंतर थेट मिळाली नाही, किंवा मिळूनही खर्च झेपत नाही, त्याने पहिली दोन वर्षं शहराच्या सार्वजनिक कॉलेजात करावीत. आणि आईबापांनी ते उघड सांगावं.

हे कॉलेज १९३५ चं. मुख्य आवार बार्टच्या, म्हणजे इथल्या लोकल रेल्वेच्या, बाल्बोआ पार्क स्टेशनपासून चालत जाण्याइतकं जवळ. मिशन, चायनाटाउन अशा वस्त्यांमध्ये शाखा आहेत. कटऑफ नाही, प्रवेशपरीक्षा नाही. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला फी युनिटला (विषयाच्या श्रेयांकाला) ४६ डॉलर, म्हणजे वर्षाची ३० युनिटं धरली तर १,३८० डॉलर. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात नुसतं शिक्षणशुल्कच वर्षाला १४ हजारांच्या वर जातं, राहणं-जेवण वेगळं. सॅन फ्रान्सिस्कोच्या रहिवाशांसाठी तर २०१७ पासून या कॉलेजची फी माफ करणारी 'फ्री सिटी' योजना आहे. त्याआधीच्या वर्षी इथल्या मतदारांनी ५० लाख डॉलरच्या वरच्या मालमत्तांच्या विक्रीवरचा कर वाढवायला कौल दिला आणि तिच्या पैशाची सोय झाली. एखादं शहर आपल्या पोरांच्या कॉलेजसाठी असं मत देतं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

पुढची वाटही आखलेली आहे. अशा दोन वर्षांच्या सार्वजनिक कॉलेजात, म्हणजे कम्युनिटी कॉलेजात, ठरावीक विषय आणि ठरावीक गुण मिळवले, तर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या सहांपैकी एका ठिकाणी प्रवेशाची लेखी हमी मिळवता येते. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो ही हमी देत नाहीत, पण तिथेही ट्रान्सफरच्या, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून मध्येच येणाऱ्या, मुलांमध्ये पहिला विचार राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांचाच होतो. शेवटी पदवीवर नाव त्या युनिव्हर्सिटीचंच येतं. मग लाज कसली?

खडू_डस्टर

मी अशाच एका मोठ्या शहरी कॉलेजात (तुमच्या नव्हे) गणित शिकवतो. अर्धवेळ. तुमची फी आणि योजना सगळं बरोबर आहे. तरीही तुमचा धागा वाचून कुणी मुलाला पाठवणार असेल तर त्याने दुसरी बाजूही ऐकावी.

राज्याच्या लेखापरीक्षकांचा २०२४ चा अहवाल आहे. ट्रान्सफर व्हायचंच म्हणून येणाऱ्या पाच मुलांतलं साधारण एकच चार वर्षांत ट्रान्सफर होतं. दोन वर्षांचा हिशेब करून आलेल्यांची ही चार वर्षांनंतरची स्थिती. मी ती मुलं वर्गात रोज पाहतो. बुद्धीने कमी नसतात. त्यांचं गाडं अडतं ते विषयांच्या साखळीत. इंजिनिअरिंगला जायचं तर कॅल्क्युलसचे तीन भाग, लिनिअर अल्जिब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स, शिवाय फिजिक्स, आणि एकाशिवाय दुसरा घेता येत नाही. नोंदणी कमी झाली म्हणून एक तुकडी रद्द झाली की तो विषय कधीकधी पुढच्या वर्षावर जातो. त्यात युनिव्हर्सिटीचा अर्ज नोव्हेंबरअखेर भरायचा असतो. म्हणजे दोन वर्षांत निघायचं असेल तर अर्ज भरताना हातात फक्त पहिल्या वर्षाचे गुण असतात. अठरा वर्षांच्या मुलाने पहिल्या सेमिस्टरला जरा सैल सोडलं तर ते सावरायला वेळच उरत नाही.

आणि त्या हमीत काही ठिकाणी कॉम्प्युटर सायन्ससारखे मेजर (पदवीचे मुख्य विषय) बसत नाहीत. आपल्या घरांतल्या बहुतेकांना तेच हवं असतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

ओशन_अव्हेन्यू

@खडू_डस्टर, सर, तो पाचातला एक मी नाकारत नाही. पण उरलेले चार कोण? दोन नोकऱ्या करणारे, लहान मुलांचे आईबाप, घरभाडं भरण्यासाठी सेमिस्टर सोडणारे. आपल्या मुलांच्या डोक्यावर छप्पर असतं, जेवण तयार असतं. तो आकडा त्यांना जसाच्या तसा कसा लागू होईल?

खडू_डस्टर

मग हे यश घराचं, कॉलेजचं नव्हे. ज्यांना कॉलेजच्या आधाराची सर्वांत जास्त गरज आहे तेच जर गळत असतील, तर "वाट आखलेली आहे" असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. विषय निवडायला मदत करणाऱ्या एकेका काउन्सेलरमागे शेकडो मुलं असतात. माझ्यासारखे अर्धवेळ शिक्षक दोन-दोन, तीन-तीन कॉलेजांत धावतात. वर्ग संपला की मुलाला शंका विचारायला मी जागेवर नसतो, मी पुढच्या गाडीत असतो. याचा मला त्रास होतो, म्हणून एवढं लिहितोय.

दुसरी_पाळी

तुम्ही दोघंही फक्त अठरा वर्षांच्या मुलांचं बोलताय. मी एच-४ वर (एच-१बी वर काम करणाऱ्याच्या नवरा-बायको-मुलांचा व्हिसा) नागपूरहून आले तेव्हा मला नोकरीची परवानगी नव्हती. (एच-४ वरच्या काहींना कामाचा परवाना मिळू लागला तो २०१५ पासून.) पण व्हिसा न बदलता शिकता येतं, हे मला देवळात भेटलेल्या एका ताईने सांगितलं. संध्याकाळचे वर्ग घेतले. आधी अकाउंटिंग, मग अ‍ॅनाटॉमी, कारण तोवर मला कळलं होतं की आपल्याला नर्सिंगकडे जायचंय.

वर्गात माझ्या एका बाजूला हॉटेलात रात्रपाळी करणारा मुलगा, दुसऱ्या बाजूला सैन्यातून परत आलेला एकजण, पुढे एक चिनी आजी. कुणी माझ्या इंग्लिशला हसलं नाही. प्रत्येकाचं इंग्लिश वेगळंच होतं. दोन वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून पार्किंग लॉट बघत काढल्यावर तो वर्ग माझ्यासाठी काय होता, हे मला नीट सांगताही येणार नाही. मी कुठेही ट्रान्सफर झाले नाही. सरांच्या हिशेबात मी गळालेल्या चारांत जाईन का, माहीत नाही. मी आज हॉस्पिटलमध्ये काम करते.

खडू_डस्टर

@दुसरी_पाळी, ताई, तुम्ही त्या चारांत नाही. तो हिशेब ट्रान्सफरचा इरादा ठेवून आलेल्यांचा आहे. तुमच्यासारख्यांसाठी ही कॉलेजं बंद पडता कामा नयेत, यावर माझं दुमत नाही.

फ्रीमाँटकर

बंद पडण्यावरून आठवलं, तुमच्या याच सिटी कॉलेजची मान्यता जायची वेळ आली होती ना? २०१३ च्या जुलैमध्ये संबंधित आयोगाने ती पुढच्या वर्षी काढून घेण्याचा निर्णय जाहीर केला होता. प्रकरण कोर्टात गेलं म्हणून वाचलं. पक्की मान्यता परत मिळायला २०१७ उजाडलं आणि तोवर कितीतरी मुलं निघून गेली. २०२२ मध्ये पुन्हा प्राध्यापकांची कपात. मुलाचं भवितव्य मी अशा ठिकाणी का बांधून ठेवू? माझ्या दोन्ही मुलांना मी थेट चार वर्षांच्या कॉलेजात घातलं, कर्ज काढून. हॉस्टेलवर राहून ती जी मोठी झाली, ती घरून बार्टने ये-जा करून झाली नसती.

ओशन_अव्हेन्यू

काका, मान्यतेचा तो काळ वाईट होता. पण त्या काळातही मान्यता एक दिवसही गेली नाही, आणि शहर कॉलेजच्या बाजूने कोर्टात उभं राहिलं, हेही सांगा. हॉस्टेलचं म्हणाल तर माझी मुलगी बार्टमध्ये, मिशनमधल्या दुकानात अर्धवेळ कामावर, वीस भाषा बोलणाऱ्या वर्गमित्रांत मोठी होतेच आहे. आपल्या मुलांची शाळा, क्लास, मित्र सगळे एकाच थरातले. हे शहर तिला पहिल्यांदा खरं दिसतंय.

कोथरूडची

इथे पुण्यात आम्ही डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलांकडे आधी असंच बघायचो. वर्कशॉपमध्ये तीच सगळ्यांच्या पुढे. पण एम-३ ला (दुसऱ्या वर्षाच्या गणिताला) त्यांचे हाल व्हायचे, तेही खरं. तिकडे ट्रान्सफरवाल्यांचं तसंच होतं का?

आणि एक विचारायचं होतं. भाच्याला एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) थेट अशा कॉलेजात पाठवावं का? एजंट म्हणतो, स्वस्त पडेल.

खडू_डस्टर

होतं, अगदी तसंच. तिसऱ्या वर्षाचं पहिलं सत्र बहुतेकांना जड जातं. ज्यांनी इथे गणित नुसतं उरकलेलं असतं त्यांना जास्त.

भाच्याचं मात्र थांबा. ४६ डॉलर हा रहिवाशांचा दर आहे. एफ-१ वाल्याला युनिटला त्याच्या कितीतरी पट पडतात, फ्री सिटी लागू होत नाही, आणि सेमिस्टरला किमान १२ युनिटं घ्यावीच लागतात. शिवाय सॅन फ्रान्सिस्कोचं भाडं. एजंटकडून सगळ्या खर्चाचा आकडा लेखी मागा.

ओशन_अव्हेन्यू

इथे मी सरांच्या बाजूने. माझा मुद्दा इथे राहणाऱ्या घरांपुरताच आहे.

फ्रीमाँटकर

इथे राहणाऱ्यांतही ज्यांचं ग्रीन कार्ड रांगेत आहे त्यांनी एक पाहावं. मूल एकवीस वर्षांचं झालं की एच-४ संपतो. एफ-१ घ्यावा लागला तर रहिवासी दर टिकेल का, हे आधी विचारून ठेवा. ट्रान्सफर लांबून तिसरं वर्ष लागलं, तर महागडी दोन्ही वर्षं एकविशीनंतर येतात.

ओशन_अव्हेन्यू

हे बरोबर आहे. अशा घरांनी मुलाच्या वाढदिवसाची तारीख समोर ठेवूनच सत्रं मांडावीत. पण थेट युनिव्हर्सिटीत घातलं तरी एकविसावं चुकत नाही, तिसऱ्या वर्षात येतंच. तेवढ्यासाठी मी सिटी कॉलेज नको म्हणणार नाही.

खडू_डस्टर

मी अजूनही "आधी हेच" असं म्हणणार नाही. पण जे पाठवणारच आहेत त्यांनी ऑगस्टच्या आधी 'असिस्ट' या राज्याच्या संकेतस्थळावर जाऊन आपलं कॉलेज, हवी ती युनिव्हर्सिटी आणि मेजर टाकून विषयांची यादी काढावी. ती घेऊन मुलाने स्वतः काउन्सेलरकडे जावं. आणि कॅल्क्युलस पहिल्याच सत्रात घ्यायचं, पुढच्या सत्रावर ढकलायचं नाही.