व्हीएमसीसाठी स्पिंडल टच प्रोब घ्यायचाय, सल्ला हवा (ठाणे)

ठाणे_मिलिंग

नमस्कार मंडळी. वागळे इस्टेटमध्ये आमचं छोटं मशीन शॉप आहे. बीटी40 (टूल होल्डरच्या टेपरचं माप) स्पिंडलची एक व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं सीएनसी मिलिंग मशीन), कंट्रोल फॅनुक कंपनीचं. काम मुख्यतः अ‍ॅल्युमिनियम कास्टिंगच्या बॉडीचं, वीस-तीस नगांचे लॉट. दर सेटिंगला सेटर पुपी डायल (बारीक सरक दाखवणारा लिव्हर डायल) लावून बोअरचं सेंटर काढतो, तोवर मशीन उभं. शिवाय कास्टिंग एकसारखं येत नाही, त्यामुळे नगागणिक ऑफसेट (जॉबचा शून्य बिंदू) थोडा सरकवावा लागतो.

प्रोबची (स्पिंडलला लावून जॉबला टेकवायचा, जागा शोधणारा सेन्सर) कोटेशनं मागवली तर एकाचा ऑप्टिकल (प्रकाशाने सिग्नल पाठवणारा), दुसऱ्याचा रेडिओ, तिसरा म्हणतो स्ट्रेन गेजच (सूक्ष्म ताण ओळखून ट्रिगर होणारा) घ्या. ऑनलाइन वायरवाला स्वस्तातला प्रोबही दिसतोय. आमच्याकडे सगळ्यात घट्ट टॉलरन्स बोअरच्या पोझिशनला, 0.05 मिमी. काय घ्यावं? आणि प्रोब आला की सीएमएमवर (माप तपासायच्या वेगळ्या मशीनवर) जॉब पाठवणं बंद करता येईल का?

रबाळेकर

दादा, ब्रँड नंतर ठरवा, आधी कंट्रोल तपासा. प्रोब फक्त "टेकलं" एवढंच सांगतो. त्या क्षणी अक्ष कुठे होते हे कंट्रोल जी31 स्किपमध्ये (टेकल्याचा सिग्नल बघणारी कमांड) टिपून ठेवतं, आणि सेंटर, रुंदी, कोन हे सगळं मॅक्रो (कंट्रोलमधले छोटे प्रोग्राम) काढतात. तेव्हा मशीनवर कस्टम मॅक्रोचा ऑप्शन चालू आहे का ते बघा. नसेल तर तो उघडायचा खर्च कोटेशनमध्ये कुणी धरलेला नसतो, आणि प्रोब बसवायला माणूस आला की मग कळतं. स्किपचा इनपुट मोकळा आहे का, प्रोब चालू-बंद करायला एखादा एम-कोड शिल्लक आहे का, एम19 ला स्पिंडल दरवेळी त्याच कोनात थांबतो का, हेही मशीनवाल्याकडून लेखी घ्या. स्टायलस (प्रोबची टेकणारी काडी) होल्डरच्या मध्यात कितीही नीट आणला तरी थोडा रनआउट (मध्यापासूनचा फरक) उरतोच. स्पिंडल ओरिएंट होत असेल तर तो कॅलिब्रेशनमध्ये निघून जातो.

वेगाचं गणितही आत्ताच समजून घ्या. कंट्रोल स्किपचा सिग्नल समजा 4 मिलिसेकंदांनी एकदा बघतंय. 500 मिमी/मिनिटाच्या फीडला तेवढ्यात अक्ष 33 मायक्रॉन पुढे गेलेला असतो, 30 च्या फीडला फक्त 2. म्हणून मॅक्रो पहिल्यांदा जोरात टेकवून जागा शोधतात, थोडं मागे येतात आणि मग हळू टेकवून तोच आकडा धरतात. हाय स्पीड स्किप (सिग्नल लगेच टिपणारा ऑप्शन) असेल तर एकाच टचमध्ये भागतं आणि सायकल टाइम वाचतो. तुम्ही नगागणिक प्रोबिंग करणार, म्हणजे हा फरक तुम्हाला रोज जाणवेल.

तुर्भे_टूलरूम

तुमच्या मशीनला ऑप्टिकल पुरे. बंद केबिनमध्ये प्रोब आणि रिसीव्हर एकमेकांना दिसतात, आणखी काही लागत नाही. रेडिओ घ्यायचा तो मोठ्या मशीनला, पाच अक्षांवर, किंवा प्रोब जॉबच्या पोटात शिरून दिसेनासा होतो तिथे. फक्त प्रोबिंगच्या आधी कूलंट बंद करून धुकं बसू द्या आणि रिसीव्हरची काच पुसायची सवय ऑपरेटरला लावा.

वायरवाला मात्र एटीसी (आपोआप टूल बदलणारी यंत्रणा) असलेल्या व्हीएमसीवर घेऊ नका. टूल चेंजला दरवेळी वायर काढायची-लावायची, आणि वायर लागलेली असताना कुणी स्पिंडल फिरवला की खेळ खल्लास. हाताने टूल बदलायच्या छोट्या राउटरवर तो उत्तम चालतो.

ठाणे_मिलिंग

आणि स्ट्रेन गेज? सेल्सवाले म्हणतात अचूकता चौपट.

तुर्भे_टूलरूम

आकडा खरा आहे. रेनिशॉ कंपनीच्या ओएमपी40-2 या साध्या प्रोबची रिपीटेबिलिटी (पुन्हा पुन्हा टेकवल्यावर आकडा किती हलतो) 1 मायक्रॉन, स्ट्रेन गेजवाल्या ओएमपी400 ची 0.25. पण तुम्हाला हवंय 0.05 मिमी, म्हणजे 50 मायक्रॉन.

साध्या प्रोबमध्ये तीन दांड्या सहा गोळ्यांवर स्प्रिंगच्या दाबाने टेकलेल्या असतात. स्टायलस ढकलला की संपर्क ढिला पडतो, रेझिस्टन्स वाढतो आणि ट्रिगर होतो. आधार तीनच, त्यामुळे काही दिशांना जास्त जोर लागतो आणि ट्रिगर होईपर्यंत स्टायलस तेवढा जास्त वाकतो. लांब स्टायलस लावून तिरक्या, वळणदार पृष्ठभागावर मोजताना हा फरक डोकं वर काढतो. डाय-मोल्डवाल्यांनी स्ट्रेन गेजवर पैसे जरूर घालावेत. तुमचं काम बोअर, कडा आणि वरच्या फेसचं. 50 मिमी स्टायलसवर साधा प्रोब हे आरामात करेल. वाचलेल्या पैशात टूल सेटर (मशीनवरच टूलची लांबी मोजणारा) घ्या, त्याचा फायदा तुम्हाला जास्त होईल. ब्लूम, हायडेनहाइन, मार्पोस यांचेही प्रोब चांगले आहेत. कंट्रोल फॅनुक आहे, तर त्याचे मॅक्रो कोण बसवून देतो आणि बिघाड झाल्यावर इथे कोण येतो यावर निवडा. रेनिशॉचं भारतातलं मुख्य ऑफिस पुण्यात आहे, आपल्याला ते जवळ पडतं.

क्वालिटी_महापे

सीएमएमबद्दल मी सांगते, कारण हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. नाही, पूर्ण बंद करू नका.

टच ट्रिगर प्रोबचा जन्मच मुळी तपासणीसाठी झाला. 1972 मध्ये डेव्हिड मॅकमर्ट्रींनी तो काँकॉर्डच्या ऑलिंपस इंजिनाचे इंधनाचे पाइप मोजायला बनवला. पण तिथे मोजणारं मशीन वेगळं होतं. तुमच्या व्हीएमसीवर ज्या अक्षांनी बोअर मारला तेच अक्ष तो मोजणार. अक्ष हलवणारा स्क्रू गरम होऊन लांबला असेल तर बोअर सरकतो आणि मापही तेवढंच सरकतं. स्क्रीनवर सगळं ओके. पोलाद दर मीटरला एका अंशामागे साधारण 11-12 मायक्रॉन वाढतं. 500 मिमी लांबी आणि 5 अंशांचा फरक धरला तर 28-30 मायक्रॉन झाले. 0.05 मधला अर्ध्याहून जास्त वाटा तिथेच गेला. त्यातून अ‍ॅल्युमिनियमचा जॉब पोलादाच्या जवळपास दुप्पट वाढतो.

सेटिंग, ऑफसेट, कास्टिंगवर मटेरियल पुरेसं आहे का, जॉब उलटा लागला का, हे सगळं प्रोबवर करा. लॉटचा पहिला नग आणि मधला एखादा सीएमएमवर पाठवत राहा. सुट्टीनंतर मशीन थंड असताना पहिल्या नगाच्या आकड्यावर तर अजिबात विसंबू नका.

ठाणे_मिलिंग

ताई, हे पटलं. मग ऑप्टिकल, साधा, छोट्या बॉडीचा असं ठरवतोय. घेताना अजून काय बघू?

रबाळेकर

बॅटरी बघा. ओएमपी40 ला अर्ध्या एए मापाच्या 3.6 व्होल्टच्या लिथियम बॅटऱ्या लागतात, त्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत. जोडी कपाटात ठेवा. ओएमपी60 बॉडीने मोठा, पण साध्या एए सेलवर चालतो. दोन-तीन जादा स्टायलस ऑर्डरमध्येच घाला. प्रोबचा होल्डर वेगळा ठेवा, दुसऱ्या टूलला देऊ नका. आणि प्रोब नंबरच्या टूलला स्पिंडल फिरणारच नाही असं लॉक मशीनवाल्याकडून करून घ्या.

डेमोला आपलंच कास्टिंग द्या. एकाच बोअरचं सेंटर पुन्हा पुन्हा काढायला लावा, दर वेळी मधे प्रोब मॅगझिनमध्ये पाठवून परत आणा. एटीसी आणि टेपरसकट आकडे किती हलतात ते तुमच्या मशीनचं खरं उत्तर. कॅटलॉगमधला मायक्रॉन फक्त प्रोबचा आहे.

ठाणे_मिलिंग

येत्या आठवड्यात डेमो मागवतो. कॅलिब्रेशनला टूलरूममधला 50 मिमीचा रिंग गेज (अचूक मापाचं कडं) चालेल ना?

क्वालिटी_महापे

सर्टिफिकेट चालू असेल तर चालेल. सर्टिफिकेटवरचं प्रत्यक्ष माप मॅक्रोमध्ये टाका, नुसतं 50 नको. रिंग आदल्या रात्रीच मशीनच्या टेबलवर ठेवा म्हणजे दोघांचं तापमान एक होईल. स्टायलस बदलला किंवा प्रोब कुठे आपटला की पुन्हा कॅलिब्रेशन, मग लॉट कितीही घाईचा असो.