छायाचित्रांच्या संकेतस्थळासाठी कोणता प्लॅटफॉर्म निवडावा?

प्रश्न: खाडीकिनारा, ऐरोली

नमस्कार. मी ठाणे खाडीतील फ्लेमिंगोंची आणि नेरूळच्या पाणथळ जागांवरील पक्ष्यांची छायाचित्रे काढतो. शिवाय लग्नसराईत ठाणे-डोंबिवलीकडची कामेही घेतो. खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता) मिळाल्यापासून पक्ष्यांच्या छायाचित्रांविषयी विचारणा वाढली आहे, परंतु दाखवायला माझ्याकडे इन्स्टाग्रामखेरीज काही नाही आणि खाडीचे विस्तीर्ण आडवे दृश्य तेथे चिंचोळ्या पट्टीएवढे उरते. अ‍ॅडोबी कंपनीच्या लाइटरूम व फोटोशॉप या छायाचित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरची वर्गणी मी भरतोच. कोडिंग मात्र येत नाही. वर्डप्रेस, विक्स, स्क्वेअरस्पेस आणि अ‍ॅडोबी पोर्टफोलिओ यांपैकी काय निवडावे?

उत्तर: कॅमेरावाली, नौपाडा

आपण भरत असलेल्या वर्गणीतच अ‍ॅडोबी पोर्टफोलिओ मिळते, त्यामुळे सुरुवात तेथूनच करावी. लाइटरूममधील अल्बम थेट तेथे आणता येतो, स्वतःचे डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) जोडता येते आणि एकाच वर्गणीत पाच संकेतस्थळे उभारता येत असल्याने पक्षी आणि लग्ने यांची सरमिसळ टळते. ही फारकत मला फार महत्त्वाची वाटते. नवरीच्या आईला सप्तपदीचे फोटो पाहायचे असताना चिखलातले तुतवार पक्षी दाखवून काय उपयोग? मात्र तेथे प्रिंट विकण्यासाठी दुकानाची सोय नाही आणि वर्गणी थांबली की संकेतस्थळही बंद पडते.

उत्तर: जुनी लेन्स, वाशी

प्रिंट विकण्याचा विचार पक्का असेल, तर स्वतःच्या होस्टिंगवरील (संकेतस्थळ ठेवण्यासाठी भाड्याने घेतलेल्या जागेवरील) वर्डप्रेस घ्यावे. सॉफ्टवेअर मोफत आहे, वूकॉमर्स हे प्लगिन (जोड-सॉफ्टवेअर) बसवून दुकान थाटता येते आणि उद्या होस्टिंग कंपनी बदलायची झाल्यास सगळा संसार उचलून दुसरीकडे नेता येतो. विक्सवर ती मुभा नाही. त्याबदल्यात अपडेट, बॅकअप आणि सुरक्षितता ही रोजची कटकट आपल्या गळ्यात पडते. स्क्वेअरस्पेसची मांडणी देखणी असते, पण चाचणीची मुदत संपल्यावर पैसे मोजावेच लागतात.

काहीही निवडले तरी डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलने नोंदवावे. माझ्या परिचयातील एका छायाचित्रकाराचे डोमेन संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या नावावर होते. दोघांचे बिनसले आणि व्हिजिटिंग कार्डांवर छापलेला पत्ता एका रात्रीत निकामी झाला.

उत्तर: पाणकावळा, कळवा

प्लॅटफॉर्मइतकाच फरक एक्स्पोर्टने, म्हणजे लाइटरूममधून अंतिम फाइल कशी काढता याने पडतो. छायाचित्र एसआरजीबी या वेबवर सर्रास चालणाऱ्या रंगपद्धतीत, लांब बाजू सुमारे २०४८ पिक्सेल ठेवून काढावे. अ‍ॅडोबी आरजीबी या अधिक व्यापक रंगपद्धतीतील फाइल चढवली आणि अपलोड होताना तिचे कलर प्रोफाइल (रंग कसे वाचायचे ही फाइलमधील नोंद) गळून पडले, तर फ्लेमिंगोच्या पंखांतला गुलाबी रंग फिका, मळकट दिसतो आणि दोष कॅमेऱ्याला दिला जातो. एक्स्पोर्टच्याच खिडकीत फोटो काढलेल्या स्थळाची माहिती काढून टाकण्याचा पर्याय असतो, तोही निवडावा. घुबडाच्या ढोलीचा नेमका ठावठिकाणा जगजाहीर होण्याचे कारण नाही, आणि घरच्या हळदीच्या फोटोंतून वधूपक्षाच्या घराचाही नाही.

प्रश्नकर्ता: खाडीकिनारा, ऐरोली

सर्वांचे आभार. तूर्तास प्रिंट विकायचे नसल्याने अ‍ॅडोबी पोर्टफोलिओवर पक्ष्यांसाठी एक आणि लग्नांसाठी एक अशी दोन संकेतस्थळे करतो. डोमेन आज माझ्याच नावावर नोंदवतो, म्हणजे पुढे वर्डप्रेसकडे वळलो तरी पत्ता तोच राहील.