नागपूरच्या महालातल्या पतसंस्थेचा डॉसवाला कॉम्प्युटर, अजून किती ओढायचा?

जुनीशिल्लक:
नमस्कार मंडळी. महालातल्या एका छोट्या पतसंस्थेचं कॉम्प्युटरचं काम पाहतो, नोकरी दुसरीकडे, हे आपलं संध्याकाळचं. सभासदांची सगळी खाती फॉक्सप्रो २.६ या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमधे, डॉसवर. पेंटियमचं डबडं, विंडोज ९८, आयडीई हार्डडिस्क, आणि आत सी-डॅकचं जिस्ट कार्ड बसवलेलं म्हणून नावं देवनागरीत दिसतात. पावत्या डॉट मॅट्रिक्सवर. चालतं बरं का अजून! पण मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की दुपारी आपोआप बंद होते मशीन, समोर कूलर लावला तर ओलावा अन् वाळ्याचा भुसा आत जाऊन राहिला. बोर्डावरचा बटण सेल उतरला की तारीख मागे जाते आणि तारीख चुकली की व्याज चुकतं, ते वेगळंच. संचालक म्हणतात चालू आहे ना, मग काहून हात लावता. सोर्स कोड कोणाकडेच नाही. नवीन पीसी घेऊन हेच त्यावर चढवता येईल का?

बर्डीवाला:
येते भाऊ. आधी हार्डडिस्क काढून यूएसबीच्या आयडीई अडॅप्टरला लाव आणि पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी कॉपी, घेऊन ठेव, दोन ठिकाणी, आजच. मग नव्या मशीनवर डॉसबॉक्स-एक्स, म्हणजे विंडोजच्या आत जुन्या डॉस मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम. विंडोज ११ वर सरळ नाही चालणार, ६४ बिट विंडोजमधे डॉसचे प्रोग्राम उघडतच नाहीत. ३२ बिटच्या विंडोज १० वर चालायचे, पण त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुनं फॉक्सप्रो फास्ट प्रोसेसरवर 'डिव्हाइड बाय झिरो' म्हणून चालू होतानाच बसतं, तसं झालं तर डॉसबॉक्स-एक्समधे सायकल्स, म्हणजे नकली प्रोसेसरचा वेग, कमी कर. साधा डॉसबॉक्स नको बावा, तो गेमसाठी बनवलेला आहे, पैशाचा हिशोब त्यावर नको.

जुनीशिल्लक:
@बर्डीवाला केलं भाऊ घरी लॅपटॉपवर, इमेज पण घेतली. मेनू आला, आकडे बरोबर, पण नावांच्या जागी नुसत्या रेघा आणि ग्रीक अक्षरं 😅

खातेवही_ताई:
येणारच. तुमचं जिस्ट कार्ड जुन्या आयएसए स्लॉटचं असणार, तो स्लॉट आताच्या मदरबोर्डला नाही आणि डॉसबॉक्समधे हे कार्ड नाही. पण घाबरू नका, उलट तुमचं नशीब चांगलं आहे. जिस्टचा डेटा बहुतेक इस्कीमधे, म्हणजे भारतीय लिप्यांच्या जुन्या प्रमाण कोडमधे, असतो आणि युनिकोडची देवनागरी इस्कीवरूनच बेतलेली आहे, त्यामुळे एका कोडला एक अक्षर असं टेबल करून छोट्या पायथन स्क्रिप्टनं नावं बदलता येतात. विंडोजच्या जमान्यातल्या फॉन्टमधे कोणी टाइप केलं असतं तर रडला असता, तिथे अर्धं अक्षर वेगळं, काना वेगळा. फक्त ऱ्ह, ऱ्य वाली नावं एकेक तपासा, वऱ्हाडपांडे असतील तुमच्याकडे चारदोन तरी. .डीबीएफ, म्हणजे फॉक्सप्रोची डेटा फाइल, लिब्रेऑफिसमधे उघडते, पण कॉपीवर काम करा, मूळ फाइल चुकूनही सेव्ह करू नका. आणि यूपीएस आहे का? एंट्री चालू असताना लाइट गेली की .डीबीएफच्या हेडरमधली रेकॉर्डची संख्या आणि खरे रेकॉर्ड जुळत नाहीत, मग फाइलच उघडत नाही.

ऑरेंजसिटी४४:
कशाला एवढी झकझक, पतसंस्थेचं रेडिमेड सॉफ्टवेअर घ्या, ओपनिंग बॅलन्स टाका, विषय संपला.

खातेवही_ताई:
@ऑरेंजसिटी४४ दादा, ओपनिंग बॅलन्स टाकणं सोपं आहे हो. प्रोग्राम व्याज कसं काढतो ते कुठं लिहिलंय? बँकांमधे १ एप्रिल २०१० पासून बचत खात्यावर रोजच्या शिलकेवर व्याज सुरू झालं, त्याच्याआधी १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतची सर्वात कमी शिल्लक धरायचे. पतसंस्थेच्या जुन्या प्रोग्राममधे जुनीच पद्धत बसलेली असू शकते, शिवाय वर्ष ३६५ दिवसांचं धरलं की ३६० चं, पैसे कुठल्या टप्प्यावर राउंड केले, मुदत मोडली तर किती कापायचे, हे सगळं त्या प्रोग्रामच्या पोटात आहे आणि तिथल्या कोणालाच तोंडी सांगता येणार नाही. नवीन सॉफ्टवेअर लावलं की पहिल्याच तिमाहीला एखादे आजोबा पासबुक घेऊन काउंटरवर उभे, माझे सात रुपये कमी का. मी असते तर निदान एक व्याज-आकारणी दोन्हीकडे समांतर चालवली असती आणि प्रत्येक फरकाचं कारण सापडेपर्यंत जुनं बंद केलं नसतं. @जुनीशिल्लक फोल्डरमधे .एफएक्सपी किंवा .एपीपी, म्हणजे फॉक्सप्रोच्या तयार प्रोग्रामच्या, फाइल दिसतात का बघा, असतील तर रीफॉक्स नावाच्या टूलनं कोड बराचसा परत मिळतो, व्याजाचं सूत्र निदान वाचता येईल. संस्थेकडून लेखी परवानगी घेऊनच करा.

बर्डीवाला:
ताईचं बरोबर आहे. तोवर ते डबडं कूलरच्या तोंडासमोरून तरी हलवा, आतली धूळ ब्रशनं काढा आणि बटण सेल बदला, सीआर२०३२ कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळते.

जुनीशिल्लक:
सेल बदलला, धूळ काढली. .एपीपी फाइल आहे एक, मोठी आहे. परवानगीचं सेक्रेटरी साहेबांना विचारलं तर म्हणे ऑडिट होऊ द्या मग मीटिंगमधे ठेवू. ताई, तोवर इस्कीचं ते टेबल कुठून सुरू करू, पायथन मला अगदी जेमतेम येतं.